एकसष्ट कडव्यांचं मंगलाष्टक

"आवरा रे त्याले! मुहूर्त टळी चालना!" नवरदेवाचा काका खुर्चीवर चढून ओरडत होता आणि हातातली छत्री अशी गरगरा फिरवत होता, की मंडपातला पंखा लाजून बंद पडला.

ज्याला आवरायचं तो माझा मित्र, नवरीचा मामा. रीतीप्रमाणे भाचीच्या पाठीशी उभा, पण हातात माइक. मंगलाष्टक चालू होतं. अष्टक म्हणजे आठ, हे धुळ्यातल्या म्हशींनाही कळतं. ह्यानं एकसष्ट कडवी लिहिली होती.

हा लिहायला बसला की कागदाच्या गिरण्या रात्रपाळी लावायच्या. जळगावहून धुळ्याला एसटीनं येताना एक खंडकाव्य व्हायचं. पारोळ्याला गाडी चहाला थांबली तर त्याचा उत्तरार्ध. लग्नाआधी त्यानं मला हे ऐकवलं तेव्हा मी तोंडावर म्हटलं, "भाऊ, आठ ठेव. बाकीची काप."

"कापू? एकेका कडव्यात एकेक नातेवाईक गुंफलाय. कोणाला कापू? तुझं बावन्नावं आहे."

मग मी म्हटलं, तशी रचना बांधेसूद आहे.

मे महिना. डोक्यावरच्या टोप्यांतून वाफा निघत होत्या. सुरुवातीला अक्षता वधूवरांवर पडल्या. विसाव्या कडव्यापासून त्या नेम धरून मामावर पडू लागल्या. तिसाव्याला अक्षता संपल्या आणि चपला सुरू झाल्या. नवरदेवाचा बाप एकदाच बोलला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं: "मुहूर्त टळला तर पोरगा उचलून गाडीत घालीन. लग्न नाही."

नवरीच्या आईनं, म्हणजे कवीच्या सख्ख्या थोरल्या बहिणीनं, हात जोडले. "भाऊ, पुरे कर रे!"

"अक्का, तुझं पुढेच आहे," माइकवरून उत्तर आलं.

तिथं रणकंदन पेटलं. काकानं माइकची वायर उपटायला झेप घेतली, तर नवरीच्या आत्यानं त्याची गचांडी धरली. "थांब! मनं कडवं अजून उनं नही!" तिचं कडवं यायचं होतं.

क्षणात मंडपाच्या दोन फळ्या झाल्या. ज्यांचं नाव येऊन गेलं ते कवीच्या जिवावर उठलेले. ज्यांचं यायचं होतं ते त्याचे अंगरक्षक. एका साडूनं दुसऱ्याच्या डोक्यात ताशा घातला. एका नानांचा दात उडाला तो थेट वरणाच्या पातेल्यात; आचाऱ्यानं लसणाची पाकळी समजून ढवळला. सगळ्यात भयंकर म्हणजे, ज्याचं कडवं संपे तो तिथल्या तिथे फिरे आणि इतका वेळ शेजारी लढणाऱ्यालाच बडवू लागे. आत्याबाईंचं झालं, तशी त्यांनी काकाची गचांडी सोडून त्याची छत्री घेतली आणि स्वतः मामावर चालून गेल्या. मी खांबाआडून कवितेचं रक्षण करत होतो. बावन्नावं दूर नव्हतं.

मामा मात्र भुवईवरचं रक्त पुसत सुरात म्हणतच होता. कडव्यामागून कडवं, श्वास न घेता.

शेवटी नवरदेव भडकला. त्याच्या हातातली कट्यार, टोकाला खोचलेल्या लिंबासकट, अंतरपाटावरून आली आणि कागदांच्या चळतीतून आरपार गेली. कागदांच्या चिंध्या उडाल्या, लिंबू पिचकलं, रस कवीच्या डोळ्यांत. त्यानं बोंब ठोकली आणि प्रथमच माइक खाली पडला. भटजींनी ती संधी साधून 'सावधान' उरकलं, बँड वाजला, अंतरपाट सुटला. मुहूर्त अगदी काठावर सापडला. लग्न लागलं. माझं बावन्नावं गेलं.

पाठवणीच्या वेळी मामा गाडीपाशी आला. भुवईला टाके, एक डोळा सुजून गुलाबजाम झालेला.

"बाई, हे बठ्ठे नातेवाईक गेले चुलीत," तो भाचीला म्हणाला. "तुझ्यासाठी लिहिलं होतं. एवढ्या धुमाळीत तू एकटी निश्चल उभी होतीस, मी पाहिलं. ऐकत होतीस ना?"

तिनं शालू सावरून पाय गाडीत घेतला.

"आठव्यालाच मी हार उचलून धरला होता, मामा. जड होता."