नदीशी बोललेल्या बाईचा विमा

कारापाचाई नदीच्या दोन्ही काठांवर बोललं जातं, की देल्मिरा बासुआल्दोनं मरू नये म्हणून विमा कंपनीच तिला दर महिन्याला पैसे पाठवते. साफ खोटं! पैसे देल्मिरा भरते, आणि तेही चार लोकांपेक्षा जरा जास्तच.

बेटावरच्या खांबांवर उभ्या घरात ती आणि तिचा धाकटा भाऊ तुलिओ, दोघंच राहतात. तुलिओ वयानं चाळिशीचा, मनानं सात वर्षांचा. देल्मिरा वाळुंजाच्या फांद्यांच्या टोपल्या विणते. तो फांद्या पाण्यात भिजवतो आणि एकेकीचं बारसं करतो. तिला एकच घोर होता, आपल्यामागे याचं कसं? चुलतबहीण त्याला सांभाळायला तयार होती, पण रिकाम्या हातानं नव्हे. म्हणून विमा.

आडवा आला तो एक हिवाळा. आई गेली त्या वर्षी नदीवर उतरलेलं धुकं देल्मिराच्या डोक्यात शिरलं आणि बाहेर पडायची वाट विसरलं. नदी तिला हाका मारू लागली. झोप उडाली, अन्न सुटलं; धक्क्यावर बसून ती पाण्याला उत्तरं देत राही. शेवटी तिला शहरातल्या मनोरुग्णालयात ठेवलं, ती वसंतातच परतली. गोळी तेव्हापासून चालू आहे, आणि डॉक्टरीणबाईंकडे जाणंही.

"अर्जात आजाराचं विचारलं, तर सरळ नाही म्हणून टाक," शेजारीण एर्मिनिया म्हणाली. "कंपनी काय नदीला विचारायला येणारे?"

विमा एजंट फाब्रिस्सी राजधानीहून बोटीनं आला. ओहोटीमुळे बोट धक्क्याला लागेना, तेव्हा बिचारा बूट हातात धरून चिखल तुडवत वर चढला. नळीनं ओढायच्या कडू चहाचा तुंबा त्याच्या, देल्मिराच्या आणि माझ्या, म्हणजे समोरच्या काठावरच्या शेजारणीच्या, हातोहात फिरू लागला.

"मनाच्या आजारावर कधी उपचार?" त्यानं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता अर्जातल्या 'नाही'वर खूण केली.

"अहो, थांबा! घेतलेत ना. नदी बोलायची माझ्याशी."

"दोन्या देल्मिरा," बाईसाहेब म्हणावं तशा अदबीनं तो म्हणाला, "कशाला उगाच! राजधानीत मनाच्या डॉक्टरकडे कोण जात नाही? मी स्वतः बारा वर्षं जातोय, दर गुरुवारी. ते काय आजारपण? तो तर गुरुवार!"

"तुमच्या विम्यात लिहिलाय हा गुरुवार?"

"छे!"

"आणि उद्या तुमच्यामागे कंपनीनं तो उकरून काढला तर? वहिनींच्या हातात काय, हा तुंबा?"

फाब्रिस्सी नळी ओठांत धरून तसाच राहिला. बाहेर पाणी परत चढू लागलं होतं. वाळुंजांच्या सावल्या तरंगत तरंगत पायऱ्यांपाशी आल्या. मग त्यानं ती खूण खोडली.

"सांगा," तो हळूच म्हणाला.

ती सांगत गेली. धुकं कानात कसं साचतं, पाण्याचा आवाज आईसारखा कसा होतो, आणि गोळ्यांनी तो एकेका शब्दानं कसा मावळत गेला.

"बाई, एवढं रकान्यात मावत नाही हो."

"मग पाठीमागे लिहा. जागा आहे की!"

कंपनीनं डॉक्टरीणबाईंचा दाखला मागवला आणि गप्प बसली. वाळुंजांना पालवी फुटली तरी उत्तर नाही. देल्मिरा विणत होती, पण तिच्या टोपल्या हल्ली वाकड्या होऊ लागल्या होत्या. किराण्याच्या बोटवाल्यापासून पाद्रीबाबांपर्यंत साऱ्या नदीच्या नकला मी करते; तेव्हा तिला हसवायला फाब्रिस्सीच्या आवाजात म्हणाले, "दोन्या, कंपनी नाहीच म्हणणार. लावता पैज?"

"लावते. हरलीस तर मी सांगेन त्याची नक्कल."

पत्र आलं. विमा मंजूर. हप्ता वाढीव, आणि पहिल्या काही वर्षांत तिनं आपणहून जीव दिला तर छदामही नाही.

"तेवढं तर मीच मला कधीचं बजावलंय," देल्मिरा म्हणाली.

"काय झालं गं, ताई?" तुलिओनं विचारलं.

"तुझी सोय झाली, राजा."

तुलिओनं हातातल्या सगळ्यात लांब फांदीचं नाव 'कंपनी' ठेवलं.

मग ती माझ्याकडे वळली. "चल, कर. माझी. त्या हिवाळ्यातली. माझ्या पाठीमागे सगळेच करतात, तू तोंडावर कर."

माझी पाचावर धारण बसली. पण हरले ते हरले. धक्क्यावर बसले, मान पाण्याकडे कलती केली, आधी नदी झाले, मग देल्मिरा. ती डोळे मिटून ऐकत होती; बोटं मात्र विणतच होती.

"मी बरी जमलेय," ती म्हणाली. "नदीचं चुकलं. ती इतक्या घाईनं बोलत नसे."