गेटाबाहेरचे गुरुवार

माझा थोरला भाऊ एसटीत ड्रायव्हर होता, आजऱ्याच्या गाडीवर. प्यायचा तो ड्युटी संपल्यावरच, पण अलीकडे सकाळी चहाची बशी धरताना त्याचा हात थरथरायला लागला होता. डेपोत कळलं तर स्टेअरिंग जाईल, एवढीच भीती त्याला होती. मला वेगळीच होती, दादाच जाईल याची. वहिनी बोलून बोलून थकली होती, आई कधीच गेली होती, त्यामुळे त्याच्याशी भांडायचं काम माझ्याकडे आलं आणि मी ते मन लावून करायची.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं की गंगावेशीजवळच्या एका शाळेत गुरुवारी संध्याकाळी दारू सोडू बघणारी माणसं जमतात, बोलतात, कुणी कुणाचं नावगाव विचारत नाही. माझं आठवडाभर डोकं खाऊन दादा एका अटीवर तयार झाला. कुणाला कळता कामा नये.

कोल्हापुरात कुणाला न कळता पत्ता शोधायचा! शाळेचं नाव डॉक्टरांनाही आठवत नव्हतं. आमच्याकडे पत्ता माणसावरून सांगतात. ज्याला विचारावं तो म्हणायचा, "कुणाकडं जायाचं?" आणि आम्हाला तर कुणाकडेच जायचं नव्हतं. शेवटी दूध कट्ट्यावर म्हशीचं ताजं दूध पीत उभ्या असलेल्या एका गृहस्थाला मी हळूच विचारलं. त्यानं मिशा पुसल्या आणि पार पलीकडच्या टोकाला हाक दिली, "अरं, दारू सोडवायची मीटिंग कुठं भरतीया रं?"

झालं. चौघं-पाचजण गोळा झाले. "चला की पावणं, दावतो," म्हणून वरातीसारखे आमच्याबरोबर निघाले. त्या गृहस्थाचा मला अजून राग येतो, आणि तितका मनापासून मदत करणारा माणूसही मी फारसा पाहिला नाही. शाळेच्या गेटाशी पोचलो तेव्हा त्यातल्या एकानं दादाकडे निरखून बघितलं. "आजऱ्याच्या गाडीवरचं ड्रायव्हर न्हवं तुमी?"

दादाचा चेहरा पांढरा पडला. मग तो हसला. "व्हय की. हिच्या मालकांचं हाय ते. हिला सोडाय आलोय."

सगळे माझ्याकडे वळले. "अरारा," एकजण म्हणाला, "जावा ताई, आत जावा. भिऊ नगासा." ते हलेनात. मी आत गेले, दुसरं काय करणार?

माझ्या यजमानांना सुपारीचंही व्यसन नव्हतं. कापडाच्या दुकानात कामाला होते. घरी येऊन मी रागानं सगळं सांगितलं तर म्हणाले, "माझ्या नावावर घाला की. त्यो सुटला म्हंजे झालं." आठवड्याभरात बातमी पेठेभर झाली. दुकानाचा मालक सकाळी यांच्या अगदी जवळ येऊन बोलायला लागला. हे शांतपणे तोंड पुढं करायचे.

त्यानंतर कितीतरी गुरुवार असेच गेले. मी आत, दादा गेटाबाहेर. आत मोठाली माणसं पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसायची. कुणी बायकोचं मंगळसूत्र विकल्याचं सांगायचं, कुणी आज दिवसभर प्यायलो नाही एवढंच सांगून खाली बसायचं. परतताना दादा उत्सुकतेनं विचारायचा, "आज काय म्हणाली ती मंडळी?" मी सांगायची. पण मी त्यांच्यातली नव्हते. त्यांच्या तोंडची गोष्ट माझ्या तोंडून उपदेश होऊन बाहेर पडायची. "तू एकदा आत ये रं," मी म्हणायची. "तुझ्याकडनं ऐकतोय की," तो म्हणायचा.

तिथल्या एका वयस्क माणसानं मला एकदा दारात थांबवलं. "ताई, मालकांचं ऱ्हाऊ द्या. त्या गेटावरच्याला आत आणा. आमाला बघून कळतंय." मी काही बोलायच्या आत तो स्वतःच गेटाकडे गेला. दादानं त्याला येताना पाहिलं आणि भराभर चालायला लागला. मी हाका मारल्या. त्यानं मागे वळून पाहिलं नाही. पुढच्या गुरुवारपासून तो गेटापर्यंतही आला नाही, मग मीही जायचं सोडलं.

पुढच्या वर्षी तो गेला. सगळ्यांना सांगितलं कावीळ झाली, आणि कावीळ झालीच होती. पोट फुगलेलं आम्ही चादरीखाली झाकलं. माझा एवढा मोठा दादा, मला सायकलवर पुढं बसवून रंकाळ्याला नेणारा, दोघांनी सहज उचलावा इतका हलका झाला होता. वहिनीला सावरायचं म्हणून मी रडले नाही, आणि मग रडायचं राहूनच गेलं.

रक्षाविसर्जनाला पंचगंगेच्या घाटावर डेपोतली बरीच माणसं आली होती. त्यांतले एक म्हातारे ड्रायव्हर माझ्या यजमानांपाशी आले. त्यांचे डोळे भरले होते. "दाजी, तुमी सुटलासा ह्ये चांगलं झालं. पर त्येला इसरू नगा. दर गुरुवारी तुमच्यासाठनं त्या गेटावर हुबा ऱ्हायचा त्यो. सोता एक थेंब शिवला न्हाय कधी."

खरं काय ते माझ्या ओठांवर आलं होतं. यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं, आणि म्हाताऱ्यांपुढे हात जोडले.

"व्हय," हे म्हणाले. "त्येच्यामुळंच जगलो मी."