सुलिकाहच्या नावाचं पहिलं अक्षर

वारसिनी सकाळपासून एका फळीभोवती घुटमळत होती. जेपारा म्हणजे लाकूडकामाचं गाव, तिथे सागवानाला काय तोटा! पण मशीनवर आवळून बसवलेली ही फळी एकच होती. बापाने, तारमुजीने, स्वतःच्या कबरीसाठी जपलेली; ती आता बायकोच्या, सुलिकाहच्या, वाट्याला आली. उद्या तिला जाऊन हजार दिवस होणार. गाव जेवायला येणार, कबरीवरची कच्ची खूण काढून हे कोरलेलं नाव रोवायचं.

तारमुजी जन्मभर छिन्नीवर जगला. आता हात थरथरतात, म्हणून लेकीच्या सीएनसीपुढे, त्या संगणकावर चालणाऱ्या कोरीवकामाच्या मशीनपुढे, स्टूल टाकून बसला होता.

“बाबा, लांब बसा ना. डोळ्यांत भुसा जाईल.”

“जाऊ दे. तुझी चक्की नाव कोरते की फळी खाते, ते बघू दे मला.”

एरवी परक्यांच्या पलंगांची नक्षी ती झोपेतसुद्धा कापेल. आज मात्र घाबरली. लाकूड कापणारं बिट फिरवणाऱ्या स्पिंडलचे फेरे नेहमीचेच, मिनिटाला अठरा हजार ठेवले. पण बिटची पुढे सरकायची चाल पार निम्म्याखाली आणली. आई चुलीवर भात ठेवून शेजारणीशी बोलत बसायची, नि वर सांगायची, “हळूहळू का होईना, काम तडीस गेलं म्हणजे झालं.” तेच हिच्या डोक्यात!

बिट लाकडात उतरलं. ढलप्या उडेनात, पिठासारखा भुसा पडू लागला. आणि करपल्याचा वास आला.

“हळू, पोरी, हळू!” तारमुजी ताडकन उठला. “आईचं नाव जाळतेस की काय?”

तिने मशीन थांबवलं. पहिल्या अक्षराची कड काळी पडली होती. बिट कापत नव्हतं, जागच्या जागी घासत होतं. फेरे कमी करून चाल वाढवायला हवी, हे तिला कळत होतं. पण कपचा उडाला तर? दुसरी फळी कुठून आणायची?

“बाबा, हळू गेले म्हणूनच जळलं.”

“अगं, पण...”

“गप्प बसा हो आता!” बापावर ती जन्मात पहिल्यांदा ओरडली.

फेरे बारा हजारांवर आणले, चाल दुपटीहून जास्त केली, बिस्मिल्ला म्हटलं नि बटण दाबलं. बिट सरसर निघालं. ढलप्या तारमुजीच्या मांडीवर येऊन पडू लागल्या.

नाव झालं. पहिलं अक्षर तेवढं काळपट. वारसिनीला रडूच आलं. ती पॉलिश पेपर घेऊन घासायला वाकली.

“असू दे गं.” तारमुजी थरथरतं बोट त्या काळ्या कडेवरून फिरवत होता. “हळूहळू म्हणत तिने जन्मभर भात करपवला. आता कुठे ओळखू येतेय.”

त्याने बोट नाकाशी नेलं आणि तो पोरासारखा रडायला लागला.