सुकटीच्या डब्यातलं पुस्तक

परवा बाजारात सुकटीचा वास आला आणि मला आईचं वाचनालयातलं पुस्तक आठवलं.

सत्तरच्या दशकात आम्ही भिवंडीत टेमघरला राहायचो. घरात वडिलांच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे आत्याचा हुकूम चाले. बाईने पुस्तक हातात घेतलं की चूल विझते, असं तिचं ठाम मत. आत्या माळकरी, सुकटीच्या डब्याकडे बघतही नसे. म्हणून आई जुन्या काळच्या कर्तबगार बायकांवरचं ते पुस्तक त्याच डब्यात लपवी.

एका दुपारी आई पाण्याला गेली आणि डब्याचं झाकण उघडं राहिलं. मांजरीने पुस्तक ओढत ओटीवर आणलं आणि आत्यासमोर बसून ती ते चाटू लागली.

"काय हाय गं त्ये?" आत्याने मला विचारलं.

मी घाबरून खरं सांगून टाकलं.

"वाच बघू."

नाकाला पदर लावून आत्या ऐकत बसली. नवरा गेल्यावर लहान मुलाला घेऊन राज्य सांभाळणाऱ्या राणीची ती गोष्ट होती. शेजारच्या कापडाच्या लूमच्या खडखडाटात मी ओरडून वाचत होते. आई हंडा घेऊन आली आणि दारातच थिजली.

तेव्हा मला फक्त मांजरीचं हसू येत होतं. आत्याही ऐन पंचविशीत विधवा झालेली, दिरांशी भांडून तिने वर्षानुवर्षं नवऱ्याचं शेत राखलेलं, हे आज कळतं.

पान संपलं. आत्या आईकडे वळली.

"हंडा ठेव अन् बस हितं. त्या राणीला दीर किती व्हते, त्ये लिवलंय का बघ."