मकसूद मिस्त्रीच्या पाच कॅपा

अहमदपुरात माझ्या पिठाच्या गिरणीसमोर मकसूद मिस्त्रीचं गॅरेज आहे. मागे घर, मध्ये अंगण. बढाया मारण्यात हा माणूस तालुक्यात पहिला. नुसत्या आवाजावरून इंजिनाची जन्मकुंडली सांगतो, असं तो स्वतःच सांगतो. त्याची स्वतःची गाडी मात्र टकटक करत चालते आणि चढ दिसला की बसते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मी हे त्याला तोंडावर ऐकवतो, म्हणून आमची मैत्री टिकून आहे.

त्याच्या धाकट्या लेकीला, तूबाला, नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला. कॉलेज सोमवारी सुरू होणार, म्हणून शनिवारी तिला हॉस्टेलवर सोडायचं ठरलं. मी म्हटलं, एसटीने जा. मकसूदला ते झोंबलं. मिस्त्रीची पोर मिस्त्रीच्याच गाडीत जाईल, तीही टकटक न ऐकता, असं त्याने अख्ख्या गल्लीला सांगितलं. शनिवारी सकाळी अंगणात गाडीचं बॉनेट उघडलं. दुपारी जेवून निघू, म्हणाला. उजेडासाठी बॅटरी धरायला मला बोलावलं. दळण सोडून गेलो, कारण नाही गेलो तर तो गिरणीत येऊन बोलत बसतो.

त्याने वरचं झाकण काढलं, पट्ट्याच्या चाकावर रंगाची खूण केली, पट्टा उतरवला. खाली कॅमशाफ्ट. हा दांडा फिरतो तसे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडतात, मिटतात. त्याला पाच कॅपा जागेवर धरून ठेवतात. दिसायला सारख्या, पण एकीच्या जागी दुसरी बसवली की दांडा अडकतो. बाकीचे मिस्त्री त्यांच्यावर नंबर टाकतात. मकसूदला त्यात कमीपणा वाटतो. तो त्यांना घरच्यांची नावं देतो. पहिली शहजादी, म्हणजे त्याची बायको, कारण पट्ट्याचा सगळा ताण तिच्यावर. मग पोरं वयाप्रमाणे, हारिस, मुज्तबा, जेबा आणि शेवटी तूबा. एकदा गिऱ्हाइकासमोर तो म्हणाला, "जेबाला तेलच पोचत न्हाई." ते जेबाच्या उदगीरच्या सासऱ्यांच्या कानावर गेलं, आणि मिटवायला मलाच जावं लागलं.

कॅपा बाहेरून आत अशा थोड्याथोड्या ढिल्या करताना त्याचं व्याख्यान चालूच होतं. लोक कॅपा जीव खाऊन आवळतात, मग शाफ्ट फिरणार कसा, असं तो मलाच रागावत होता. मी आयुष्यात एक कॅप आवळलेली नाही. चादरीवर त्याने कॅपा ओळीने मांडल्या, शाफ्ट उजेडात धरला, उंचवट्यांवरून नख फिरवलं, मलाही फिरवायला लावलं. कुठे ओरखडा नाही.

"शाफ्ट कोरा करकरीत हाय. टॅपेट मोकळे झालेत, तेवढे बसवले की झालं."

टॅपेट म्हणजे दांडा आणि व्हॉल्व्ह यांच्यामधल्या वाट्या, टकटक त्यांचीच होती. त्या बसवून होताहोता शहजादीभाभींनी जेवायला हाक मारली. तूबाच्या आवडीचा दालचा होता. आम्ही ताव मारला. भाभी वाढता वाढता एकदा अंगणात जाऊन आल्या.

परत आलो तर चादरीवर चारच कॅपा. तूबा नव्हती.

मी कोंबड्यांवर आळ घेतला आणि खुराडं उलटं केलं. मकसूदने माझे खिसे तपासले, त्याचा मला अजून राग आहे. "तूबा कुठं गेली" असं तो ओरडत सुटला, आणि खरी तूबा गाडीखाली रांगत तीच शोधत होती.

मग तो एकदम थांबला. चादरीकडे बघत राहिला. हारिस लातुरात नोकरीला, मुज्तबा हैदराबादेत, जेबा सासरी. त्याने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. घरात चमचा हरवला तरी गल्ली पालथी घालणाऱ्या भाभी आज पाठ फिरवून एकच पातेलं घासत होत्या. आता भांडण होणार, असं मला वाटलं.

मकसूदने हात पुसले आणि आत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "शाफ्ट घासलाय. माझीच नजर चुकली. लातूरहून दुसरा मागवावा लागंल. आज जाणं होत न्हाई."

या माणसाने चूक कबूल केलेली मी कधी ऐकली नव्हती. केली तीही न झालेली. मी तोंड उघडणार होतो, नख मीही फिरवलं होतं. तेवढ्यात पातेल्याचा आवाज थांबला. मला फार वाईट वाटलं, आणि मी उलटं केलेलं खुराडं सरळ करायला गेलो.

रविवारी सकाळी तूबाची कॅप चादरीवर आपल्या जागी होती, लख्ख पुसलेली. मकसूदने तोच शाफ्ट तेल लावून बसवला, खुणा जुळवल्या, कॅपा मधून बाहेर अशा बेताने कसल्या. गाडी सुरू झाली. टकटक नव्हती, हे मला कबूल करावं लागलं.

तूबा गाडीत बसली. भाभींनी खिडकीतून तिचा हात धरला तो सोडेचनात. मकसूद हळूच म्हणाला, "शहजादी, लई आवळू नको."

"एकच दिवस आवळली," भाभी म्हणाल्या आणि त्यांनी हात सोडला.

गाडी नांदेड रस्त्याकडे वळताना मकसूदने मान बाहेर काढून मला सांगितलं, शाफ्ट नवा टाकलाय, लातूरचा. गल्लीतले सगळे ऐकत होते. हो, मीच बॅटरी धरली होती, मी म्हटलं.