नरपडला जुळवलेली बर्फावरची गाडी

२०१६ साली दसरा झाला आणि ताईचा फोन आला. "तुझ्या ओळखीत कुणाकडे बर्फावर चालणारी गाडी आहे का?"

मी नरपडला होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचो. त्या दुपारी ऊन असं होतं की पाना हातात धरवत नव्हता. मी म्हटलं, "आहेत. तलासरीला तीन."

हे खरं होतं. तलासरीला हायवेच्या कडेला एका माणसाने खोट्या बर्फाचं पार्क काढायचं ठरवलं होतं. त्यासाठी त्याने परदेशातून जुन्या गाड्या मागवल्या. गाड्या आल्या, पार्क काही झालं नाही. मी त्याच्या जनरेटरच्या कामाला गेलो होतो, तेव्हा त्या गोडाऊनमध्ये ताडपत्रीखाली पाहिल्या होत्या.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. नर्सिंग शिकली, हिमाचलच्या माणसाशी लग्न केलं आणि तिकडेच डोंगरातल्या एका उपकेंद्रात कामाला लागली. हिवाळ्यात तिथला रस्ता बंद असतो. आदल्या हिवाळ्यात वरच्या वस्तीत एक बाई अडली होती. ताई बर्फातून चालत पोचेपर्यंत साडेतीन तास गेले. बाई वाचली, बाळ वाचलं नाही. हे तिने मला एका दमात सांगितलं आणि मग आईच्या गुडघ्याची चौकशी केली.

दुसऱ्या दिवशी मी तलासरीला गेलो. तीनपैकी एका गाडीला इंजिनच नव्हतं, त्यामुळे निवड सोपी झाली. राहिल्या दोन. पिवळी रुंद, दोघांच्या सीटची, बटणावर सुरू होणारी. लाल सडपातळ, किल्ली फिरवून मग दोरी ओढून सुरू करायची. पण लालचा खाली फिरणारा रबरी पट्टा चांगला लांब होता आणि त्याला बोटाएवढे दाते होते. मी दोन्हींचे फोटो पाठवले. भावोजींचा लगेच फोन आला.

"पिवळी घे."

"भावोजी, ती फार जड आहे."

"जड म्हणजे मजबूत."

मी बर्फ फक्त मासळीच्या पेटीत पाहिलेला. म्हणून ताईला विचारलं, "तुमच्याकडचा बर्फ कसा असतो?"

"ताजा असला की तांदळाच्या पिठासारखा. पाय टाकला की कमरेपर्यंत आत."

ओहोटीला खाडीच्या चिखलातून होडी मी कितीदा ओढली आहे. जिथे सगळं रुततं तिथे हलकं आणि लांब तेच पुढे जातं. मी लाल घेतली. मालक गुजरातीत "लई जाव, भाई", घेऊन जा, म्हणाला आणि वर ताडपत्रीही दिली. भावोजी चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी विचारलं, रंग तरी पिवळा करता येईल का.

इंजिन दोन स्ट्रोकचं होतं, आमच्या होड्यांना असतं तसंच. कार्बोरेटर साफ केला. उंचावर हवा विरळ, तेव्हा पेट्रोलही कमी सोडायला हवं. त्यासाठी बारीक भोकाची पितळी जेट मिळवून एका डबीत ठेवली. भावोजी सहा फूट उंच आणि नव्वद किलोचे. त्यांच्या वजनाला मागच्या स्प्रिंगा आवळल्या. ते उभं राहून चालवतील म्हणून डहाणूच्या लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमचा ठोकळा करून घेतला आणि हँडल चार बोटं वर घेतलं.

मग गाडी किनाऱ्यावर वाळूत चालवली. पन्नास पावलांवर प्लास्टिक जळाल्याचा वास आला. पट्टा ज्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवरून घसरतो त्यांना बर्फाचा ओलावा लागतो, आणि तो नसेल तर त्या वितळतात. हे मला तेव्हा कळलं. नव्या पट्ट्या बसवल्या आणि बर्फाच्या कारखान्यातून टेम्पोभर चुरा आणून अंगणात पसरला.

आई बंदरावरून रिकामी पाटी घेऊन आली. तिचा सगळा जन्म मासळी विकण्यात गेला. बर्फाची तिला कदर होती.

"हे काय?"

"गाडी चालवून बघतोय."

"हा मासळीचा बर्फ आहे."

"हो."

तिने पाटी खाली ठेवली. "पोरीला जमेल ना चालवायला?"

"भावोजी चालवतील," मी म्हटलं.

गाडी अंगणभर चालली आणि नारळाच्या अलीकडे थांबली. शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. उरलेला चुरा एक काकू पाटीत भरून घेऊन गेल्या.

नोव्हेंबरात गाडी ट्रकात चढवली आणि तिच्याबरोबर मीही गेलो. रस्ता उघडा होता, कारण बर्फच पडला नव्हता. अकरा दिवस आम्ही तिघं खिडकीतून आभाळाकडे बघत बसलो. बाराव्या दिवशी सकाळी उठलो तर गाडी दिसेना. ती अंगणातच होती, बर्फाखाली.

जेट बदलून ठेवली होती, इंजिन सुरू झालं. भावोजींनी झोकात एक फेरी मारली आणि खाली उतरले. मग ताईने हातमोजे घातले.

"तू कुठे?" मी विचारलं.

तिने हातमोजे मनगटापर्यंत ओढले. "वरच्या वस्तीत कोण जातं? हे की मी?"

भावोजी पोस्टात कामाला होते. वरच्या वस्तीत ते दिवाळीलासुद्धा जात नसत.

ताई पाच फुटांची, वजन अठ्ठेचाळीस किलो. ती उभी राहिली तर हँडल तिच्या छातीशी आलं. आवळलेल्या स्प्रिंगा तिच्या वजनाने जराही दबल्या नाहीत, सगळा भार पुढे गेला. वीस पावलांवर गाडीने बर्फात नाक खुपसलं आणि ताई हँडलवरून पलीकडे गेली. आम्ही धावलो. ती बर्फातून उठून बसली, तोंड पुसलं आणि म्हणाली, "ही कुणासाठी केलीस रे?"

मी फावडं आणायला गेलो. तिच्या कामासाठी गाडी निवडली, बर्फाचं तिला विचारलं, पण चालवणार कोण ते विचारायचं सुचलंच नाही. आईला सुचलं होतं. फावड्याने गाडी काढताना दीड तास मला तेवढाच विचार करता आला.

दुपारी ठोकळा काढला. स्प्रिंगा सैल केल्या. ताईला गाडीवर उभं करायचं, मागची बाजू किती दबते बघायचं, उतरवायचं, पुन्हा पाना घ्यायचा. असं सात-आठ वेळा केलं. भावोजी चहा आणून देत होते. चढावर आडवं जाताना अंग डोंगराच्या बाजूला झुकवायचं, हे तिला तिसऱ्या दिवशी जमलं. मला शेवटपर्यंत जमलं नाही.

चौथ्या दिवशी ती लसींची पेटी पाठीला बांधून वर गेली आणि जेवायच्या वेळेला परत आली. भावोजी म्हणाले, "आता मी एक फेरी मारतो."

"तुमच्या वजनाला ती आता बसणार नाही," ताई म्हणाली आणि किल्ली खिशात टाकली.

मी गावी परतल्यावर फेब्रुवारीत तिचा फोन आला. वरच्या वस्तीतल्या एका दिवस भरलेल्या बाईला झटके आले होते. गाडीमागे घसरगाडी बांधून तिला खालच्या उघड्या रस्त्यापर्यंत आणलं होतं. भावोजी मागे तिला धरून बसले होते. बाई वाचली, मुलगीही. आई माझ्या हातातून फोन घ्यायला बघत होती, पण ताईला आधी मलाच काही विचारायचं होतं. थंडीत सकाळी दोरी ओढून ओढून हात दुखतो, काय करू?

मी म्हटलं, संध्याकाळी प्लग काढून चुलीजवळ ठेवत जा. तिने तसं केलं. पुढचे दोन हिवाळेही ती त्याच गाडीवरून वर गेली.