तेवीस गोळ्या उरल्या कशा?

"आज सर्टिफिकेट हातात पडलं की सुटले बघा, वर्षाताई," असं म्हणत चौगुलेबाईंनी प्रिस्क्रिप्शन काउंटरवर ठेवलं. बरोबर व्हीआरएसचा, म्हणजे मुदतीआधी निवृत्ती घ्यायचा, अर्ज होता, भरलेला, सहीसकट. फक्त 'शिकवण्यास असमर्थ' असं डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडायचं बाकी होतं. ते संध्याकाळी पाचला मिळणार होतं.

मी निपाणीतल्या एका मेडिकल दुकानात फार्मासिस्ट आहे. तेवीस वर्षं झाली. चौगुलेबाई सदलग्याच्या. हायस्कूलला गणित शिकवतात. अकरा वर्षांपूर्वी त्यांना अँग्झायटीचा आजार झाला. म्हणजे कारण नसताना छातीत धडधड, घशात आवंढा, वर्गात शिरताना पाय जड. गोळी सुरू झाली आणि बाई उभ्या राहिल्या. दहावीची गणितं त्या गोळीच्या जोरावर अकरा वर्षं फळ्यावर सोडवली. आणि आता तीच गोळी लागू पडेना.

"लई वर्षं झाली न्हवं. शरीराला सवय लागली असणार," त्या म्हणाल्या. "डॉक्टरबी तसंच म्हणाले."

असं खरंच होतं काही जणांचं. जुनी गोळी कमी पडायला लागते, डोस बदलावा लागतो, कधी गोळीच बदलावी लागते. त्यामुळे चौदा दिवसांपूर्वी डोस वाढवलेलं प्रिस्क्रिप्शन आलं तेव्हा मी मुकाट तीस गोळ्या दिल्या होत्या. आज त्याच गोळीची आणखी वरची स्ट्रेंग्थ होती, शिवाय झोपेची वेगळी.

नवीन स्ट्रेंग्थ आली की मी जुन्या गोळ्या बघायला मागते. दोन्ही एकाच डब्यात गेल्या की माणूस चुकून दोन्ही घेतो. बाईंनी पर्समधून रुमालात गुंडाळलेल्या पट्ट्या काढल्या. दोन अख्ख्या, तिसरीत तीन गोळ्या. तेवीस.

चौदा दिवस. रोज एक. सोळा उरायला हव्या होत्या.

"बाई, रोज घेताय ना?"

"व्हय की."

"मग सात जास्त कशा?"

बाईंनी मागं वळून पाहिलं. रांगेत दोघं होते. त्या काउंटरवर वाकल्या. "सोळाकारण चाललंय माझं. उपवासाच्या दिवशी तोंडात पाणीसुद्धा न्हाय घ्यायचं. गोळी कशी घेऊ?"

चातुर्मासातलं हे जैनांचं व्रत बत्तीस दिवस चालतं. बाई एक दिवस कडक उपवास करत, दुसऱ्या दिवशी दुपारी एकदाच जेवत. जेवणाच्या दिवशी गोळी घ्यायच्या, उपवासाच्या दिवशी नाही. व्रत यंदा पहिल्यांदाच, चातुर्मासाला गावात थांबलेल्या माताजींकडून म्हणजे जैन साध्वींकडून घेतलेलं, बाविसावा दिवस चालू होता. त्रास कधी सुरू झाला? व्रताच्या पहिल्या आठवड्यात.

आता ही गोळी कशी असते ते सांगते. तिची ताकद साधारण एक दिवस टिकते. दुसऱ्या दिवशी घेतली नाही की रक्तातली पातळी धाडकन खाली येते. मग चक्कर, घाम, डोक्यात वीज चमकल्यासारखं, जीव घाबराघुबरा. पेशंटला वाटतं आजार परत आला. बाईंचं हे एक दिवसाआड चाललं होतं, आणि डोस वाढवल्यावर हे चढउतार आणखीच मोठे झाले होते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

"डॉक्टरांना सांगितलंत?"

"त्यांनी इचारलंच न्हाय. आणि घरात सगळ्यास्नी ही बीपीची गोळी म्हणून ठाऊक हाय. माताजींस्नी इचारायचं तर कशाची गोळी ते सांगायला नको? प्रवचनाला जाऊबाई शेजारीच बसत्यात."

मी डॉक्टरांना फोन लावून जास्त उरलेल्या सात गोळ्यांचं सांगितलं. हे मानसोपचारतज्ज्ञ दर गुरुवारी बेळगावहून, टिळकवाडीतून, निपाणीला येतात.

"मॅडम, बाहेर साठ पेशंट बसलेत. लिहिलंय ते द्या. फार्मासिस्टनं डायग्नोसिस करायचं नसतं."

फोन ठेवला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. डायग्नोसिस कुठलं? वजाबाकी होती ती. चौथीतलं पोर करेल.

गल्ल्यावरून आमचे मालक, अण्णा, ओरडले, "वर्षा, गिराईक खोळंबलंय. दे की गं त्यास्नी काय पायजे ते."

"देणार न्हाय, अण्णा. पाच मिनिटात येते." मी ॲप्रन काढला, बाईंचा दंड धरला आणि निघाले. माझी आई तंबाखूच्या वखारीत राबली. मुकादमाला उलट बोलायची तिची छाती नव्हती, म्हणून तिनं मला शिकवलं. दोन गल्ल्या ओलांडून आम्ही दवाखान्यात शिरलो. रिसेप्शनवरच्या मुलीनं अडवलं, मी थांबले नाही.

टेबलावर बाईंची फाइल उघडी होती, वर सर्टिफिकेट टाइप करून ठेवलेलं. फाइलमधल्या छापील फॉर्मवर 'औषधे नियमित' समोर टिक होती. चौदा दिवसांपूर्वीची, आणि आजचीही.

"ही टिक कुणी केली?" मी विचारलं.

डॉक्टरांनी रिसेप्शनच्या दाराकडे पाहिलं. मी बाईंकडे वळले.

"बाई, तुम्हाला कुणी विचारलं होतं?"

"न्हाय."

मी तेवीस गोळ्या टेबलावर ठेवल्या आणि बाईंना म्हटलं, सांगा आता. त्या आधी खाली बघून बोलल्या, मग रडत, मग चक्क चिडून. "वर्गात पोरं हसायला लागली माझ्यावर! खडू सुटतोय हातातनं. मी नोकरी सोडायला निघाले डॉक्टर, आणि तुमी येकदा तरी इचारलासा, की काय खातीस, कवा खातीस?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "मॅडम, मी विचारायला हवं होतं," असं ते बाईंना म्हणाले. मला नाही. त्यांनी नवीन प्रिस्क्रिप्शन खोडलं, जुना डोस लिहिला, रोज, न चुकता, दुपारच्या जेवणाबरोबर. सर्टिफिकेट फाडून टोपलीत टाकलं.

उरला प्रश्न व्रताचा. तो माझ्या हातातला नव्हता, डॉक्टरांच्याही नव्हता. बाई त्याच संध्याकाळी माताजींकडे गेल्या आणि जाऊबाईंच्या देखत सगळं सांगितलं. माताजी म्हणाल्या, उरलेले दहा दिवस रोज एकवेळ जेव आणि जेवताना औषध घे. एवढंच. यासाठी बाईंनी बावीस दिवस जीव टांगणीला लावला होता.

पुढचे दोन आठवडे त्यांना जडच गेले. जादू काही झाली नाही. तिसऱ्या आठवड्यात त्या नववीच्या वर्गावर परत उभ्या राहिल्या. अजून आहेत.

अण्णांनी मला सांगितलं, पुन्हा दुकान सोडून गेलीस तर घरीच बस. मी म्हटलं, बरं.

राग अजून आहे. डॉक्टरांवर आहे, त्या टिकेवर आहे, आजाराला बीपीचं नाव देऊन लपवायला लावणाऱ्या घरांवर आहे. पण चौदा दिवसांपूर्वी तीस गोळ्या पिशवीत घालताना काउंटरच्या अलीकडं मीच उभी होते. 'गोळ्या कशा घेता?' एवढं विचारायला दहा सेकंद लागले असते. मी फक्त एक्स्पायरी बघितली.